कार्यालयातल्या प्रिंटरचा पत्ता एकदाच पक्का करून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून-जुलैत दाखल्यांची गर्दी सुरू झाली की सांगली, मिरज, कराड, सातारा अशा कुठल्याही गावात खिडकीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘प्रिंटर बंद आहे, उद्या या.’ जत किंवा आटपाडीहून एसटीने आलेल्या माणसाचा त्यात एक दिवस जातो आणि रोजगारही बुडतो. पतसंस्थेत पासबुक भरून मिळत नाही, मार्केट यार्डात शेतकऱ्याची हिशोबपट्टी अडकते. अशा ठिकाणी तपासणी केली तर प्रिंटर बहुतेक वेळा धडधाकट निघतो. टोनर भरलेला असतो, ट्रेमध्ये कागद असतो, यूएसबी केबलने लॅपटॉप जोडला तर पान लगेच बाहेर येतं. अडलेलं असतं ते संगणक आणि प्रिंटर यांच्या मधल्या वाटेवर, आणि त्यातलं पुष्कळसं कार्यालयातल्याच एखाद्या कर्मचाऱ्याला जमण्यासारखं असतं. ही माहिती कार्यालयांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी छापावं, ही विनंती.

सगळ्यात मोठं कारण पत्त्याचं आहे. लॅन (कार्यालयातलं केबलचं नेटवर्क) किंवा वायफायवरच्या प्रिंटरला राउटर एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक देतो, समजा १९२.१६८.१.१०५. हा पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो. साध्या राउटरमध्ये कुणाला कुठला पत्ता दिला याची नोंद तात्पुरत्या मेमरीत राहते आणि वीज गेली की पुसली जाते. वीज आल्यावर वाटप नव्याने सुरू होतं. एखाद्या मोबाइलला १०५ जातो, प्रिंटरच्या वाट्याला १०८ येतो. संगणकात मात्र प्रिंटर पहिल्यांदा जोडला त्या दिवशीचा १०५ लिहिलेला असतो. एसटीचा फलाट बदलला आणि प्रवासी जुन्याच फलाटावर थांबून राहिला, तशी विंडोजची गत होते. तिथून उत्तर येत नाही म्हणून ‘ऑफलाइन’ असं दिसतं. प्रिंटर तर समोर चालू असतो, म्हणून कर्मचारी तो दहा वेळा बंद-चालू करतात. पत्ता बदललेला असल्याने त्याचा काही उपयोग होत नाही.

यातच दुसरी एक गोष्ट घडते. राउटर पूर्ण जागा व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. प्रिंटर त्याच्या आधी तयार झाला आणि पत्ता द्यायला कुणी भेटलं नाही, की काही प्रिंटर स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतात. हे आकडे दिसले की समजावं, राउटरपर्यंत याची हाक पोहोचलेली नाही. अशा वेळी मात्र राउटर चालू झाल्यावर प्रिंटर एकदा बंद-चालू करणं हाच उपाय आहे. त्यानेही आकडे बदलले नाहीत तर केबल किंवा स्विच (सगळ्या केबली एकत्र येतात तो डबा) तपासायचा.

खात्री करायची रीत सोपी आहे. प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापून घ्यावं. पडदा नसलेल्या छोट्या प्रिंटरवर माहितीचं किंवा वायफायचं बटण काही सेकंद दाबून धरलं की ते निघतं. मॉडेलप्रमाणे बटण बदलतं. त्या पानावर आयपी पत्ता आणि मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक) दोन्ही असतात. मग संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग (त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) हा शब्द, जागा सोडून तो आयपी पत्ता, असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबावं. ‘रिप्लाय फ्रॉम’ आलं तर वाट मोकळी आहे आणि चूक विंडोजमधल्या नोंदीत आहे. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं आणि त्या ओळीत आपल्याच संगणकाचा पत्ता दिसला, तर त्या पत्त्यावर कुणीच नाही. एक फसवी स्थिती अशी की पिंगला उत्तर येतं, पण छपाई होत नाही. तेव्हा प्रिंटरची लॅन केबल काढावी आणि पुन्हा पिंग करावं. केबल काढूनही उत्तर येत राहिलं तर तो पत्ता दुसऱ्याच कुणीतरी घेतलाय. हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर बसवणाऱ्याने हाताने टाकलेला पत्ता अशा वेळी बऱ्याचदा सापडतो.

पत्ता पक्का करण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, प्रिंटरच्या मेन्यूतच तो हाताने टाकायचा. दुसरी, राउटरला सांगून ठेवायचं की या मॅक पत्त्याच्या यंत्राला नेहमी हाच आयपी दे. आमचा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे आणि त्याला कारण आहे. इंटरनेटची कंपनी बदलली की नवा डबा, म्हणजे नवा राउटर येतो. एकाची मालिका १९२.१६८.१ ची असते, दुसऱ्याची १९२.१६८.२९ ची. प्रिंटरमध्ये हाताने जुन्या मालिकेतला पत्ता कोंबलेला असला तर तो नव्या नेटवर्कवर कुणालाच दिसत नाही, आणि छोट्या पडद्यावर बाणांची बटणं दाबत तो बदलणं जिवावर येतं. राउटरमधलं आरक्षण नव्या डब्याबरोबर जातं हे खरं, पण प्रिंटर नव्या मालिकेतला पत्ता आपणहून घेतो आणि निदान सापडतो तरी. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ अशा नावाने ही सोय असते. तिथे प्रिंटरचा बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी लिहायचा, जतन करायचं, मग प्रिंटर बंद करून चालू करायचा. वायफाय आणि लॅन दोन्ही असलेल्या प्रिंटरला मॅक पत्तेही दोन असतात. जोडणी केबलने आहे आणि आरक्षण वायफायच्या मॅकवर केलं, तर सगळी मेहनत वाया जाते. ही चूक फार ठिकाणी आढळते. हातानेच पत्ता टाकायचा झाला तर तो राउटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा असावा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला ५० द्यावा.

एवढं झालं की प्रत्येक संगणकावर एकदाच काम उरतं. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे आपला प्रिंटर, त्यात ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’. शेजारीच ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ असतं आणि बरेच जण चुकून तिथे शिरतात. पोर्टचा, म्हणजे छपाई कुठल्या पत्त्यावर पाठवायची त्या नोंदीचा, टॅब तिथे मिळणार नाही. ‘पोर्ट्स’मध्ये ‘ॲड पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून नवा पत्ता द्यायचा. विंडोजने प्रिंटर आपणहून शोधून जोडला असेल तर तिथे डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट दिसतो. घरच्या वापराला तो चालतो, पण कार्यालयात तो विनाकारण ऑफलाइन होण्याचं मोठं मूळ आहे, म्हणून तो बदलावाच. पत्ता दिल्यावर विंडोजने जास्तीची माहिती मागितली तर बहुधा त्या पत्त्यावर प्रिंटर बोलत नाहीये. तसंच पुढे रेटू नये, मागे येऊन पिंग करावं.

नव्या पोर्टवर ‘कॉन्फिगर पोर्ट’ दाबलं की खाली ‘एसएनएमपी स्टेटस इनेबल्ड’ अशी खूण असते. विंडोज या वाटेने प्रिंटरची हालहवाल विचारतं. काही प्रिंटरमध्ये ही सेवा बंद असते किंवा तिचा परवलीचा शब्द बदललेला असतो. मग कागद छापायला प्रिंटर तयार असूनही विंडोज त्याला ऑफलाइन ठरवतं. पिंग चालतंय, पत्ता बरोबर आहे, तरी ऑफलाइन दिसतंय, असं असेल तर ही खूण काढून पाहावी. छपाईचा माल ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून जातो, त्याला याने काही बाधा येत नाही.

दोन राउटरांचा घोळ वेगळाच. फायबरच्या डब्याची वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणला जातो आणि त्याच्या वॅन लिहिलेल्या (इंटरनेटची केबल घ्यायच्या) तोंडात केबल खोचली जाते. आता कार्यालयात दोन नेटवर्क झाली, बाहेरचं १९२.१६८.१ चं आणि आतलं १९२.१६८.० चं. आतले संगणक बाहेरच्या प्रिंटरला आयपीने गाठू शकतात, पण शोधून जोडायला गेलं तर तो दिसत नाही. प्रिंटर आत आणि संगणक बाहेर असेल तर काहीच होत नाही. ‘साहेबांच्या केबिनमधून प्रिंट जाते, आमच्या टेबलावरून जात नाही’ या तक्रारीच्या मागे बहुधा हेच असतं. दुसऱ्या राउटरला १९२.१६८.१.२ असा मोकळा पत्ता द्यावा, त्याची डीएचसीपी बंद करावी आणि केबल वॅनमधून काढून लॅनच्या तोंडात घालावी. नव्या राउटरात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा सरळ पर्याय असतो. आणि वायफायवरचा प्रिंटर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गेस्ट नेटवर्कला जोडलेला नाही ना, हेही बघावं. तिथे यंत्रांना एकमेकांशी बोलायला मनाई असते.

खरा त्रास आहे तो शेअरिंगवर चालणाऱ्या कार्यालयांना. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे दोन प्रिंटर आपल्याकडच्या कार्यालयांनी वर्षानुवर्षं वापरले आणि ते टिकलेही. दोन्हींना फक्त यूएसबी आहे. एका संगणकाला जोडायचे आणि बाकीच्यांना शेअर करायचे, हीच रीत पडली. त्यामुळे तो मधला संगणक बंद झाला, झोपला किंवा त्याचं नाव बदललं की सगळ्यांची छपाई थांबते. त्यावर उपाय म्हणून कुणी यूएसबी प्रिंटर नेटवर्कवर आणणारी स्वस्तातली प्रिंट सर्व्हरची डबी गळ्यात मारतो. घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १०२० आपलं फर्मवेअर, म्हणजे स्वतः चालायला लागणारा प्रोग्रॅम, स्वतःजवळ ठेवत नाही. प्रत्येक वेळी चालू झाल्यावर संगणकातला ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलणारा प्रोग्रॅम) ते त्याच्यात भरतो. डबीला हे जमत नाही, म्हणून एकदा वीज जाऊन आली की प्रिंटर मुका. २९०० ला ड्रायव्हरशी सतत दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं, तिथेही साध्या डब्या अडखळतात. हे प्रिंटर एकट्या टेबलासाठी ठेवावेत आणि चार-पाच जणांना लागणारा नवा प्रिंटर घेताना लॅनचं तोंड असलेलाच घ्यावा.

शेअरिंगचं दुसरं दुखणं विंडोजच्या सुरक्षेतून आलं. जुलै २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमधली (छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागातली) ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर फट उघड झाली. ऑगस्टच्या अपडेटपासून ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागू लागला. सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर केलेला प्रिंटर जोडताना ०x०००००११बी हा एरर येऊ लागला, कारण दोन्ही संगणकांमधला संवाद गुप्त असावा अशी सक्ती झाली आणि एक बाजू जुनी राहिली की तो जुळेना. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर कार्यालयांत एकेक संगणक ११ वर जातोय आणि हे जुनं-नवं जुळवणं पुन्हा डोकं वर काढतंय. त्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत) एक नोंद शून्य करण्याचा तोडगा सर्रास सांगितला जातो. तो चालतो, पण बंद केलेली फट पुन्हा उघडून ठेवतो. लोकांचे दाखले आणि खात्यांचे तपशील जिथे असतात तिथे तो करू नये. आधी दोन्ही संगणकांचे अपडेट पूर्ण करावेत. तरी अडलं तर प्रिंटरचा ड्रायव्हर आपल्या संगणकावर आधी टाकून घ्यावा आणि ‘लोकल पोर्ट’ म्हणून दोन उलट्या तिरक्या रेघा, त्या संगणकाचं नाव, पुन्हा एक रेघ आणि शेअरचं नाव लिहून जोडावा. पुष्कळ ठिकाणी एवढ्यावर भागतं.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर किंवा अडत दुकानात डॉट मॅट्रिक्सवर पावती काढणारे जुने प्रोग्रॅम फक्त एलपीटी१ (प्रिंटरचं जुन्या पद्धतीचं तोंड) ओळखतात. त्यांच्यासाठी एलपीटी१ ला शेअर केलेल्या प्रिंटरशी जोडणारी ‘नेट यूज’ची कमांड ‘पर्सिस्टंट यस’ लावून द्यावी आणि शेअरचं नाव आखूड, मध्ये जागा न सोडता ठेवावं.

रांग अडकणं हा रोजचा प्रकार आहे आणि त्याचं कारण बहुतेकदा कागद असतो. ट्रेमध्ये ए४ आहे, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. कुणीतरी लीगल मापाचा, २१६ बाय ३५६ चा अर्ज छापायला टाकला. प्रिंटर नारिंगी दिवा लावून लीगल कागदाची वाट बघत थांबतो आणि त्याच्या मागे सगळ्या टेबलांची कामं तुंबतात. बाहेरून आलेल्या फायली पुष्कळदा अमेरिकन ‘लेटर’ मापाच्या असतात, २१६ बाय २७९. दिसायला ए४ सारख्याच, पण प्रिंटरला त्या वेगळ्या वाटतात. त्या एका कामाचा मालक शोधून ते रद्द करावं. रद्द होत नसेल, ‘डिलीटिंग’ असंच दिसत राहिलं, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवावा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरातल्या फायली काढून टाकाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. फोल्डर तसाच राहू द्यावा. स्पूलर न थांबवता फायली काढायला गेलं तर त्या निघत नाहीत. याने त्या संगणकावरची सगळीच कामं पुसली जातात, हे शेजाऱ्यांना आधी सांगावं.

‘प्रिंट दिली पण आली नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी ती कुठे दिली ते बघावं. ‘विंडोजला डीफॉल्ट प्रिंटर ठरवू दे’ ही सोय चालू असली की शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो. एकदा पीडीएफ काढली की पुढचं कामही पीडीएफकडे जातं. ती सोय बंद करावी. तसंच प्रिंटर पुन्हा पुन्हा जोडल्याने ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशा नोंदी साठतात. जुन्या मेलेल्या नोंदी काढून टाकाव्यात.

मराठी मजकुराच्या पीडीएफमध्ये पडद्यावर अक्षरं नीट, पण कागदावर चौकोन किंवा तुटलेल्या वेलांट्या येत असतील, तर ॲडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करावी. फॉन्ट समजून घेण्याची जबाबदारी मग प्रिंटरवर राहत नाही, पानाचं चित्रच त्याच्याकडे जातं. पान थोडं सावकाश निघतं, एवढंच.

केबलबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण सगळ्यात कमी पैशाची आणि सगळ्यात हेळसांड झालेली वस्तू तीच. आरजे ४५ चा कनेक्टर हातात घेऊन बघा. केबलचं बाहेरचं जाड वेष्टन कनेक्टरच्या आत शिरून दाबलं गेलेलं हवं. ते बाहेरच राहून आठ नाजूक तारा उघड्या दिसत असतील, तर टेबल सरकवलं तरी त्या ओढल्या जाणार. प्रिंटरचं लॅनचं तोंड बहुधा १०० एमबीपीएसचं असतं आणि त्याला १, २, ३, ६ या चारच तारा लागतात. म्हणून केबल तपासायच्या टेस्टरवर ४ किंवा ७ चा दिवा लागला नाही तरी प्रिंटर चालतो, पण तीच केबल नंतर संगणकाला लावली की गती पडते. तांब्याचा नुसता मुलामा असलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, ती घेऊ नये. एका पट्ट्यात १०० मीटरपेक्षा जास्त अंतर ओढू नये. दोन इमारतींच्या मधून उघड्यावरून तांब्याची केबल नेली असेल तर एप्रिल-मेच्या वळवात जवळ वीज कडाडली तरी स्विचची आणि प्रिंटरची तोंडं जळतात. तिथे फायबर आणि त्याच्या दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणाऱ्या डब्या) घालावेत.

राउटर आणि स्विच यूपीएसवर ठेवावेत, म्हणजे वीज गेली तरी पत्त्यांची नोंद शाबूत राहते. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसला लावू नये. कागदावर टोनर वितळवणारा त्याचा हीटर क्षणभर कित्येकशे वॅट, मोठ्या यंत्रात हजारावर वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम साडेतीनशे वॅटच्या आसपासचा. पान निघता निघता तो राउटरसकट सगळं बंद करून टाकतो.

कार्यालय प्रमुखांना आणि संस्थांच्या सचिवांना एक विनंती. वार्षिक देखभालीच्या करारावर सही करताना ‘प्रिंटर दुरुस्ती’ एवढंच लिहून घेऊ नका. राउटरमध्ये पत्ता आरक्षित करणं, सगळ्या संगणकांवर टीसीपी/आयपी पोर्ट घालणं, आणि प्रिंटर, राउटर व स्विच यांच्या नोंदीचा कागद देणं, ही कामं त्यात नावानिशी घाला. प्रिंटरच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवून घ्या : आयपी पत्ता, वापरातला मॅक पत्ता, स्विचच्या कितव्या तोंडात केबल आहे, ड्रायव्हरचं नेमकं नाव. राउटरचा पासवर्ड चिठ्ठीवर नको, तो बंद पाकिटात कार्यालय प्रमुखाकडे असावा. देखभाल करणारा बदलला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, की राउटर रिसेट करावा लागतो आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

आपला विश्वासू,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, सांगली